आपली आवडती ट्यूबलाइट



आजचा विषय ट्यूबलाइट. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ट्यूबलाइटवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण बघा, एखादी गोष्ट उशिरा का होईना डोक्यात शिरली की आपण काय म्हणतो? 'ट्यूब पेटली' म्हणतो. ज्ञान होण्याच्या क्षणाला आपल्या बोलीनं ज्या वस्तूचं नाव दिलं, त्या वस्तूकडे तत्त्वज्ञानानं एकदा तरी नीट बघायला हरकत नसावी.

दुसरं कारण असं की जगात ट्यूबलाइटचे हौशी लोक आहेत. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी, तशी ही मंडळी ट्यूबा, चोक आणि पट्ट्या जमवतात. त्यांच्यात चर्चा रंगते ती एका प्रश्नावर: तुमची आवडती ट्यूब कुठली? किती फुटी, किती जाड, कुठल्या पांढऱ्या रंगाची, साध्या चोकवरची की इलेक्ट्रॉनिक? आम्हाला या प्रश्नातल्या 'आवडती' या शब्दात रस आहे. वस्तू आवडणं म्हणजे नेमकं काय? आणि आवडीला कारणं देता येतात का?

हा प्रश्न आपल्याला, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या लोकांना, परका नाही. कुणाकडे बीएसईएसचं बिल येत होतं, मुलुंडकडे एमएसईबीचं येत होतं, पण दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीवर जी पट्टी होती ती सगळीकडे सारखीच. त्या उजेडात आपण जेवलो, पाढे पाठ केले, लग्नाच्या याद्या केल्या. आणि आता या वस्तूचा शेवट तारखेनिशी ठरला आहे. तिकडे आपण शेवटी येऊ.

आकडे वाचायचे कसे

आधी परिभाषा. ट्यूबच्या जाडीसाठी 'टी' आणि पुढे एक आकडा असतो. 'टी' म्हणजे ट्यूबच्या आकाराची, आणि आकडा म्हणजे व्यास, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. टी-१२ म्हणजे बारा अष्टमांश इंच, दीड इंच, ३८ मिलिमीटर. हीच आपली जुनी जाडी ट्यूब. टी-८ म्हणजे एक इंच, जिला दुकानदार 'बारीक' किंवा 'स्लिम' म्हणायला लागले. टी-५ म्हणजे पाच अष्टमांश, १६ मिलिमीटर, बोटाएवढी.

लांबी हा वेगळा हिशेब. जाडी ट्यूब चार फुटी असेल तर ४० वॉटची, दोन फुटी असेल तर २० वॉटची. बारीक ट्यूबमध्ये हेच आकडे ३६ आणि १८ झाले. टी-५ मध्ये चार फुटांच्या जागी २८ वॉटची ट्यूब आली, पण ती ११४९ मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या ट्यूबपेक्षा जवळजवळ दोन इंच आखूड. तिच्या पिनाही जवळ, पाच मिलिमीटर अंतरावर. टी-१२ आणि टी-८ या दोघींच्या पिनांत मात्र सारखंच अंतर आहे, तेरा मिलिमीटर.

हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण त्यात गंमत आहे. ४० ची जाडी ट्यूब गेली आणि ३६ ची बारीक आली, तेव्हा कुणाला भिंतीवरची पट्टी बदलावी लागली नाही. लांबी तीच, पिना त्याच, चोकही तोच चालला. बारीक ट्यूबमध्ये वायूचं मिश्रण बदललं होतं, त्यात क्रिप्टॉन होता, त्यामुळे ती जुन्याच चोकवर चार वॉट कमी घेऊन चालत होती. शिडीवर चढून जुनी काढायची, नवी फिरवून बसवायची, झालं. टी-५ ला ते भाग्य लाभलं नाही. तिला नवी पट्टी लागायची, नाहीतर दोन्ही टोकांना जोड लावावा लागायचा.

आत काय चालतं

ट्यूबच्या आत अगदी कमी दाबाचा वायू आणि थोडासा पारा असतो. वीज गेली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात, मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे. ते डोळ्याला दिसत नाहीत. काचेला आतून जी पांढरी भुकटी लावलेली असते, ती हे किरण शोषते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकते. म्हणजे आपण ज्याला ट्यूबचा उजेड म्हणतो तो खरं तर त्या भुकटीचा उजेड.

कल्पना जुनी आहे. पीटर कूपर ह्यूइट यांचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा १९०१ च्या सुमाराचा, पण त्याचा उजेड हिरवट-निळा. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ साली भुकटी लावलेल्या दिव्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॉर्ज इनमन यांच्या गटानं तो विकण्याजोगा केला आणि १९३८ साली तो बाजारात आला.

हौशी लोकांचे पक्ष

आता आवडीकडे येऊ. ऐकत बसलं तर हौशी लोकांत चार-पाच पक्ष दिसतात.

पहिला पक्ष जाड्या ट्यूबचा, टी-१२ चा. हे लोक म्हणतात, तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उजेड पसरट, डोळ्यांवर येत नाही. आणि तिचं पेटणं बघण्यासारखं. बटण दाबलं की आधी स्टार्टरच्या आत छोटा प्रकाश होतो. त्या उष्णतेनं आतली दुहेरी धातूची पट्टी वाकते आणि चिकटते. मग वीज ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तंतूंमधून वाहते, ते लाल होतात. पट्टी निवते, सुटते, आणि त्या क्षणी चोक जोराचा धक्का देतो. पेटली तर पेटली, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एकदा पेटली की स्टार्टरचं काम संपतं. तो काढून खिशात घातला तरी ट्यूब चालूच राहते.

या दोन-तीन सेकंदांवरून आपण मंद माणसाला 'ट्यूबलाइट' म्हणायला लागलो. आम्हा शिक्षकांना ही उपमा जरा अन्यायाची वाटते. त्या सेकंदांत ट्यूब तयारी करत असते. तंतू गरम न करता थंडच पेटवली तर त्यांच्यावरचा लेप झडतो, टोकं लवकर काळी पडतात आणि ट्यूब अकाली मरते. वर्गात उशिरा हात वर करणारी मुलं आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांचं कळणं बऱ्याचदा टिकाऊ असतं.

दुसरा पक्ष ३६ वॉटच्या बारीक ट्यूबचा. हे व्यवहारी लोक. लोहार चाळीत मिळते, स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळते, रात्री नऊ वाजताही मिळते, आणि कुठल्याही कंपनीची कुठल्याही पट्टीत बसते. त्यांच्या दृष्टीनं चांगली वस्तू म्हणजे जिचा जोडीदार शोधावा लागत नाही ती. २०१० पासून या ट्यूबांवर ऊर्जा कार्यक्षमता विभागाचं ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं, तेव्हा या पक्षाला आपली बाजू मांडायला आकडेही मिळाले.

तिसरा पक्ष टी-५ चा. हे हिशेबी. साधा तांब्याचा चोक स्वतःच दहा-बारा वॉट खातो, हे ते लगेच सांगतील. टी-५ इलेक्ट्रॉनिक चोकवरच चालते, त्यात हा अपव्यय नाही आणि लुकलुकही नाही. शिवाय ती सर्वांत जास्त उजेड देते साधारण ३५ अंश सेल्सिअसला, तर टी-८ देते २५ अंशांना. मे महिन्यात घाटकोपरच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली राहणाऱ्याला या फरकाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मासे पाळणाऱ्यांचाही हाच पक्ष. त्यांना याच लांबीच्या पण जोरदार, २४, ३९ आणि ५४ वॉटच्या ट्यूबा लागतात, पाण्यातल्या वनस्पतींसाठी.

चौथा पक्ष छोट्यांचा. नऊ इंची ६ वॉट, एक फुटी ८ वॉट. वीज गेल्यावर लागणाऱ्या इमर्जन्सी दिव्यांत याच असायच्या. याच्या शेजारी गोल ट्यूबवाले.

पाचवा पक्ष आपल्या अंधेरी-गोरेगावचा, चित्रीकरणाचा. साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, कारण आपली वीज पन्नास आवर्तनांची. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. म्हणून चोवीस चित्रांच्या वेगाला शटर १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे प्रत्येक चित्राला नेमका एक पन्नासांश सेकंद मिळतो. १९८७ साली 'बारफ्लाय' या अमेरिकन चित्रपटाच्या वेळी फ्रीडर हॉकहाइम आणि गॅरी स्विंक यांनी ट्यूबा उच्च वारंवारतेच्या चोकवर, हलक्या चौकटीत बसवल्या, चोक दूर ठेवला. त्यातून 'कायनो फ्लो' हे दिवे आले. चार फुटी चार ट्यूबांची चौकट सेटवर ठाऊक नाही असा प्रकाशयोजनेतला माणूस विरळा. गंमत म्हणजे त्यात वापरलेली ट्यूब पुन्हा आपली दीड इंची जाडीच, फक्त भुकटी निवडक.

देशागणिकही पक्ष आहेत. अमेरिकन हौशी माणसाला आठ फुटी, एकेका पिनेची स्लिमलाइन प्यारी. ब्रिटिश माणूस पाच फुटीत रमतो. आपल्याकडे पाच फुटी क्वचित दिसते, आठ फुटी त्याहून कमी. आपली ट्यूब म्हणजे चार फुटी. नुसतं 'ट्यूब द्या' म्हटलं तर दुकानदार 'किती फुटी?' असं विचारत नाही.

आवडीचे तीन प्रकार

या सगळ्या आवडी एका जातीच्या आहेत का? इथे इमॅन्युएल कांट मदतीला येतो. १७९० सालच्या आपल्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट' या ग्रंथात त्यानं तीन गोष्टी वेगळ्या केल्या: सुखद, सुंदर आणि चांगलं. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त याची सविस्तर चर्चा आहे, ज्यांना पुढे जायचं त्यांनी ती जरूर वाचावी.

सुखद म्हणजे मला बरं वाटतं ते. तुम्हाला वाटलंच पाहिजे असा आग्रह नाही. चांगलं म्हणजे एखाद्या हेतूला उपयोगी किंवा स्वतःच योग्य, त्याला कारणं देता येतात, आकडे देता येतात. सुंदर यांच्या मधलं. तिथे पुरावा देता येत नाही, तरी आपण बोलतो असे की समोरच्यानं मान्य करावं.

आता पक्ष पुन्हा बघा. टी-५ वाला 'चांगलं' या अर्थानं बोलतो, वॉट आणि अंश मोजतो. जाड्या ट्यूबवाल्याचा पसरट उजेडाचा मुद्दा त्यातलाच, पण पेटण्याचं कौतुक सुखदातलं आहे. त्यात लहानपण मिसळलेलं आहे, गणपतीच्या मंडपात रंगीत जिलेटिन कागद गुंडाळलेल्या ट्यूबा मिसळलेल्या आहेत, लग्नाच्या गल्लीत बांबूंवर उभ्या बांधलेल्या ट्यूबांची रांग मिसळलेली आहे. ज्यानं ते पाहिलं नाही त्याला ही आवड पटवता येणार नाही, आणि पटवायची गरजही नाही. भांडण होतं ते एका प्रकारचं कारण दुसऱ्या प्रकारच्या आवडीसाठी दिलं की. 'मला जाडी आवडते' याला 'पण बारीक चार वॉट कमी घेते' हे उत्तर होत नाही. तसंच 'मला जाडी आवडते' एवढ्यावरून शाळेच्या वीस खोल्यांत तीच लावावी, हेही निघत नाही.

पांढरा म्हणजे कुठला पांढरा

सर्वांत चुरशीचा वाद रंगाचा. ट्यूबच्या टोकाशी काचेवर बारीक अक्षरं असतात. फिलिप्सच्या बारीक ट्यूबवर 'टीएल-डी ३६ डब्ल्यू/५४' असं दिसतं. यातला ५४ हा रंगाचा क्रमांक, कूल डेलाइट, निळसर पांढरा. त्यातली भुकटी जुन्या हॅलोफॉस्फेट प्रकारची, १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये सापडलेली. दुसऱ्या ट्यूबवर ८६५ असतं. यात पहिला ८ सांगतो की रंग दाखवण्याची गुणवत्ता शंभरपैकी ऐंशीच्या घरात आहे, आणि ६५ सांगतो ६५०० केल्विन, म्हणजे पांढऱ्याची छटा. ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची तीन रंगांची भुकटी, १९७० च्या दशकातली. ५४ ची ट्यूब अडीच हजार ल्युमेनच्या आसपास उजेड देते, ८६५ ची तेवढ्याच विजेत सव्वातीन हजारांच्या आसपास. पिवळसर हवा असेल तर ८२७ किंवा ८३०.

आपल्या आयाबायांनी हा सिद्धान्त केव्हाच ओळखला होता. साडीच्या दुकानात ट्यूबखाली रंग पसंत पडला तरी त्या साडी घेऊन दारापर्यंत जातात आणि उन्हाच्या उजेडात पाहतात. भुकटी ज्या रंगाचा उजेड देत नाही, तो रंग कापडात असला तरी दिसणार नाही. दुकानातला मरून आणि घरातला मरून वेगळा निघाला, तर त्यात कापडवाल्याची लबाडी असेलच असं नाही.

पण छटेची आवड पुन्हा सवयीची. युरोपातल्या घरात संध्याकाळी पिवळसर उजेड लागतो, थंडीत ऊब वाटते. मुंबईच्या उकाड्यात निळसर पांढरा उजेड गार वाटतो, स्वच्छ वाटतो. पिवळ्या बल्बच्या घरातून जी पिढी ट्यूबच्या घरात आली, तिला तो पांढरा उजेड प्रगतीचाही वाटला. दोघंही त्याला 'नैसर्गिक' म्हणतात. नैसर्गिक हा शब्द आपण पुष्कळदा 'मला सवयीचं' या अर्थानं वापरतो, हे ट्यूबच्या निमित्तानं लक्षात ठेवायला हरकत नाही.

शेवटाची तारीख

आता तारखेकडे येऊ. पाऱ्याबाबत एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मिनामाता करार. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला आणि पिढ्या अपंग झाल्या, त्या गावाचं नाव कराराला दिलं आहे. करार २०१३ चा, अमलात आला २०१७ मध्ये, आणि भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ साली जिनिव्हात झालेल्या बैठकीत ठरलं की हॅलोफॉस्फेटच्या सरळ ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ अखेर थांबवायची, आणि तीन रंगांच्या भुकटीच्या ट्यूबांची २०२७ अखेर. म्हणजे आधी ५४ जाईल, मग ८६५.

जागा एलईडीनं घेतलीच आहे. आणि एलईडीची ट्यूब बघा: तिला गोल असण्याचं कारण नाही, चार फुटी असण्याचंही नाही. तरी ती एक इंची, चार फुटी, तेरा मिलिमीटर पिनांचीच बनवतात, कारण आपल्या भिंतींवर पट्ट्या तशा आहेत. आतली वस्तू पूर्ण बदलली आणि माप टिकलं. इथे एक व्यवहाराची सूचना: जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना बहुतेक प्रकारांत चोक आणि स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

पण आम्हाला खरी काळजी आहे ती गेलेल्या ट्यूबांची. एका ट्यूबमध्ये पारा थोडासाच, नव्या ट्यूबांत तीन ते पाच मिलिग्रॅम, जुन्यांत त्याच्या कितीतरी पट. पण ट्यूबा किती? प्रत्येक घर, प्रत्येक जिना, प्रत्येक दुकान. आणि त्या गेल्या कुठे? सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यामागे उभ्या करून ठेवलेल्या ट्यूबा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथून त्या कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि मुंबईची कचऱ्याची मैदानं बहुतेक आपल्याच उपनगरांत: बोरिवलीचं गोराई, मुलुंडचं, कांजूरमार्गचं, देवनारचं. गोराईचं बंद होऊन बरीच वर्षं झाली, मुलुंडचं २०१८ साली बंद झालं. पारा मैदान बंद केल्यानं नाहीसा होत नाही. त्याआधीही, टोकांच्या धातूसाठी ट्यूब फोडणारा कुणी कचरावेचक असेल, तर वाफ पहिल्यांदा त्याच्या नाकात जाते.

२०१६ च्या ई-कचरा नियमांपासून पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्यात धरले आहेत. म्हणजे ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. सोसायटीनं एक कोपरा ठरवावा, नव्या ट्यूबच्या खोक्यांतच जुन्या ठेवाव्यात आणि एकदम अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. घरात फुटलीच, तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर जावं. नंतर हातमोजे घालून जाड कागदानं तुकडे गोळा करावेत, बारीक भुकटी ओल्या कागदानं टिपावी, सगळं बंद बरणीत ठेवावं. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मारू नये, त्यानं पारा खोलीभर पसरतो.

कांटच्या तीन प्रकारांत ही गोष्ट कुठे बसते? 'चांगलं' यात, आणि त्यातही उपयोगापलीकडच्या चांगल्यात. त्यानं कुठल्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असं बजावलं आहे. आपला पांढरा, गार, स्वच्छ उजेड कचऱ्याच्या मैदानावरच्या माणसाच्या श्वासावर चालणार असेल, तर आपण नेमकं तेच करतो आहोत. हौशी माणूस इथे आपल्याहून एक पाऊल पुढे आहे. तो जळलेली ट्यूबही कापडात गुंडाळून, नाव लिहून, आडवी ठेवतो, फुटू देत नाही. त्याला ती कुठून आली आणि कुठे आहे हे माहीत असतं. संग्रह करायला सगळ्यांना जमणार नाही, घरं लहान आहेत. पण एवढं माहीत असणं प्रत्येकाला जमेल.

तेव्हा घरी गेल्यावर माळ्यावर बघा. बहुतेकांच्या माळ्यावर एखादी जुनी ट्यूब पडून असते. तिच्या टोकाशी काय लिहिलंय ते वाचा, ५४ की ८६५. मग ती कुणाच्या हाती द्यायची ते सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारा. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. उशिरा सुचले तरी चालतील.